मॉडेल रेल्वेचा देखावा: वेदरिंग (जुनेपणा दाखवणारं रंगकाम) केलं, पण सगळं एकसारखंच मळकट दिसतंय

छोटी_लाइन
मंडळी, अडलोय. दीड वर्ष खपून एच ओ स्केलचा (१:८७) लेआउट, म्हणजे मॉडेल रेल्वेचा अख्खा देखावा, उभा केला. एक लहान स्टेशन, मालाची शेड, तिच्यामागे विटांचा जुना कारखाना, दगडी पूल आणि बोगदा. बांधकाम मनासारखं झालं, पण प्लॅस्टिकच्या किटची ती चकाकी काही केल्या जाईना. म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये काळी शाई मिसळून वॉश (पातळ रंगाचा हात) केला आणि दोन रविवार बसून सगळ्या इमारतींवर फिरवला.

चकाकी गेली. पण आता अख्खं गाव एकाच डबक्यात बुचकळून काढल्यासारखं दिसतंय. छप्पर, भिंत, फलाट, पूल, सगळ्यांवर तोच करडेपणा. जुनं वाटत नाही, नुसतं मळलेलं वाटतं. खऱ्या जुन्या स्टेशनांचे फोटो शेजारी धरले की फरक जाणवतो, पण तो नेमका कशात आहे त्यावर बोट ठेवता येत नाही.

तुम्ही वेदरिंगची सुरुवात कुठून करता? आणि झालंय ते सुधारता येईल की सगळं पुन्हा रंगवावं लागेल?

सिग्नलमन
पुन्हा रंगवू नका! आधी फोटो टाका.

छोटी_लाइन
टाकलेत, मूळ लेखात वर जोडले आहेत. तिसरा फोटो मालाच्या शेडचा. तो बघून जास्त वाईट वाटतं, कारण तिथे मी सगळ्यात जास्त मेहनत घेतली होती.

जुनं_खोड
फोटो पाहिले. बांधकाम सुरेख आहे, हे आधी सांगतो.

तुमचा वॉश वाईट नाही, पण तो सगळीकडे एकाच कारणाने लागलाय: तुमचा ब्रश तिथे पोचला म्हणून. खऱ्या भिंतीवरच्या प्रत्येक डागाला स्वतःचं कारण असतं आणि बहुतेक वेळा ते कारण पाणी असतं. मी इमारत हातात घेतली की रंगाच्या बाटल्या बाजूला ठेवतो आणि पावसाचा थेंब होऊन छपरावरून खाली येतो. कुठे पडलो, कुठून घरंगळलो, कुठे अडकलो, कुठून गळलो. छपराच्या कडेला पागोळ्या पडतात तिथे जमिनीवर एक ओळ उमटते. तेच पाणी उडून भिंतीच्या पायथ्याशी शिंतोड्यांचा पट्टा तयार होतो. हा पट्टा खऱ्यात साधारण ३० सेंटिमीटर उंच धरला, तर तुमच्या स्केलमध्ये जेमतेम साडेतीन मिलिमीटर. फोटोत तुम्ही अर्धी भिंत मळवलीत.

खिडकीची खालची पट्टी बघा. त्या पट्टीवर धूळ साठते, पाऊस ती दोन्ही टोकांकडून खाली नेतो. म्हणून खिडकीखाली दोन ओघळ दिसतात आणि मधला भाग त्या मानाने स्वच्छ राहतो. छपराच्या अगदी खाली, जिथे पाऊस पोचत नाही, तिथली काजळी धुतली जात नाही, ती तशीच राहते. उन्हाच्या बाजूचा रंग विटतो, सावलीच्या बाजूला ओल धरते आणि शेवाळ येतं. एकाच इमारतीच्या चार भिंती चार तऱ्हेने म्हाताऱ्या होतात.

पेन्सिल घ्या आणि शेडच्या फोटोवर पाण्याचे बाण काढा. मग ब्रश उचला.

नवशिका_गार्ड
“पावसाचा थेंब होऊन छपरावरून खाली येतो”... काका, हे लिहून भिंतीवर लावलंय.

ब्रशफटकारा
खोडकाकांशी बरंचसं सहमत, पण सुरुवातीबद्दल नाही. ओघळ ही दुसरी पायरी. पहिली पायरी म्हणजे रंग उतरवणं. वस्तू मळायच्या आधी विटते. किटमधला लाल रंग कारखान्यातून नुकत्याच निघालेल्या लाल रंगासारखा असतो. त्यावर कितीही घाण चढवली तरी खालचा नवा लाल ओरडत राहतो.

माझी पद्धत: मूळ रंगात फिका करडा किंवा फिका पिवळसर रंग मिसळून इमारत मुळातच थोडी विटलेली रंगवायची. विटांची भिंत असेल तर सुट्या विटा वेगळ्या करायच्या. तीन-चार रंगीत पेन्सिली घ्या: एक गेरूसारखी, एक नारिंगीकडे झुकणारी, एक जांभळट तपकिरी. दहापैकी एखादी वीट निवडून नुसती घासायची. त्यानंतर विटांच्या सांध्यांमध्ये फिका करडा रंग पातळ करून सोडायचा आणि वरचा लगेच पुसून घ्यायचा. एवढं झालं की अर्धं वेदरिंग झालेलं असतं, अजून घाणीचा एक थेंबही लावलेला नसतो.

जुन्या विटांवर खालच्या बाजूला लोणा धरतो, तेही विसरू नका. ओल भिंतीतले क्षार बाहेर आणते आणि पाणी उडून गेलं की ते पांढरे होऊन मागे राहतात. पांढऱ्या पेस्टल खडूची पूड कोरड्या ब्रशने टिपली की झालं. जुनेपणा म्हणजे काळेपणा हा समज तिथे पहिल्यांदा मोडतो.

एन_स्केलवाली
रंगाबद्दल एक मुद्दा माझाही. छोटी_लाइन, तुम्ही शुद्ध काळी शाई वापरलीत आणि मला वाटतं निम्मी अडचण तिथेच आहे.

हिशोब करून बघा. लेआउटपासून ६० सेंटिमीटरवर उभे राहिलात तर १:८७ मध्ये ते ५२ मीटरवरून बघण्यासारखं झालं. माझ्या १:१६० मध्ये ९६ मीटर. एवढ्या अंतरावरून खरी काळी वस्तू काळी दिसत नाही, मधली हवा तिला करडी आणि किंचित निळसर करते. म्हणून मी लेआउटवर शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा कुठेच वापरत नाही. काळ्याच्या जागी गडद तपकिरी करडा, पांढऱ्याच्या जागी मळका हस्तिदंती. मागच्या डोंगराकडे जाताना रंग आणखी फिके आणि थंड होत जातात.

दुसरं, रंगकाम कुठल्या उजेडात केलंत? मी माझं पहिलं स्टेशन टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली रंगवलं आणि लेआउटवरच्या पांढऱ्या पट्टीखाली ठेवलं, तर भिंती हिरवट निघाल्या! तेव्हापासून लेआउटवर जो दिवा आहे त्याच जातीचा टेबलावर लावलाय.

छोटी_लाइन
ताई, अगदी नेमकं पकडलंत. मी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात रंगवलं होतं.

गंजबहाद्दर
इथे अजून गंजाचा विषय निघाला नाही? मग मी आलोच.

लोकांच्या गंजात दोन चुका असतात. एक, गंज एकाच नारिंगी रंगाचा असतो. ताजा गंज नारिंगी, जुना गडद तपकिरी, जवळजवळ चॉकलेटी. त्यामुळे क्रम उलटा ठेवा: आधी गडद तपकिरीचा पाया, त्यावर स्पंजच्या तुकड्याने मधला तपकिरी टिपायचा, आणि नारिंगी अगदी शेवटी, जिथे गंज अजून वाढतोय तिथेच.

दोन, पत्र्याचा गंज मधोमध सुरू होतो. तसा तो होत नाही. पन्हळी पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि तो आधी हरतो तो खिळ्यांच्या भोकांशी, कापलेल्या कडांना आणि दोन पत्रे एकमेकांवर येतात तिथे, कारण त्या फटीत पाणी अडून राहतं. तिथून गंजाचे ओघळ उताराच्या दिशेने जातात. छपरावर आडवा ओघळ दिसला की माझा जीव कासावीस होतो. शेजारचा एखादा पत्रा मात्र नवा, चकचकीत करडा ठेवा. कुणीतरी गेल्या वर्षी बदललाय असं वाटलं पाहिजे.

रंगाचे पोपडे हवे असतील तर दोन उपाय. मिठाचा: गंजाचा थर वाळवून वर मॅट (बिनचकाकीचा) लॅकर मारायचा, पाण्याने ओलसर करून मीठ भुरभुरायचं, वाळलं की वरचा रंग फवारायचा आणि मग मीठ घासून काढायचं. हेअरस्प्रेचा: गंजाच्या थरावर हेअरस्प्रे, त्यावर ॲक्रिलिक रंग, तो वाळल्यावर ओल्या राठ ब्रशने हळूहळू टोचत राहायचं. खालचा हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो आणि वरच्या रंगाच्या खपल्या निघतात. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, कारण खपली कुठे निघावी ते आपल्या हातात राहतं. वरच्या रंगावर मात्र रात्र जाऊ देऊ नका, एकदा घट्ट धरला की हलत नाही.

नवशिका_गार्ड
माझ्याकडे एअरब्रश नाही. चालेल का?

गंजबहाद्दर
धावेल. स्पंज, पेस्टलची पूड आणि एक जुना राठ ब्रश. वरचा रंग फवाऱ्याच्या डब्यातून मारा.

रसायनवाला
लाकडाबद्दल लिहितो. फोटोत शेडचा फलाट तपकिरी आहे. उघड्यावरचं बिनरंगाचं लाकूड तपकिरी राहत नाही, रुपेरी करडं होतं. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन (धागे धरून ठेवणारा घटक) मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर फिके धागे उरतात. सूक्ष्म बुरशी त्यावर करडेपणा चढवते. छपराखालचं, ऊनपाऊस न लागलेलं लाकूड मात्र तपकिरीच राहतं. म्हणजे एकाच फळीचं बाहेरचं टोक करडं आणि आतलं तपकिरी. हा बदल दाखवलात की छप्पर खरंच काही तरी झाकतंय असं वाटू लागतं.

खऱ्या लाकडाच्या पट्ट्या वापरत असाल तर स्टील वूलचा (बारीक पोलादी तारांच्या काथ्याचा) तुकडा व्हिनेगरमध्ये दोन-तीन दिवस ठेवा. त्यातून लोहाचा क्षार तयार होतो. लाकडाला आधी काळ्या चहाचं पाणी लावून वाळवा आणि मग हे द्रावण लावा. चहातलं टॅनिन आणि लोह यांची क्रिया होऊन लाकूड आतूनच करडं होतं, रंग वर बसल्यासारखा दिसत नाही. आधी निरुपयोगी तुकड्यावर करून बघा, चहा जास्त झाला तर थेट काळं होतं. बाटलीचं झाकण घट्ट लावू नका, आत वायू तयार होतो.

आणि कळकळीने सांगतो, हे सगळं लेआउटपासून लांब करा. स्टील वूलचे बारीक तंतू रुळांवर पडले तर इंजिनाच्या मोटरमधलं चुंबक ते ओढून घेतं.

जुनं_खोड
रसायनवाला, चुंबकावरून आठवलं. बाहेरची खरी माती वापरणाऱ्या सगळ्यांनी हे वाचा. खऱ्या मातीचा रंग कुठल्याच विकतच्या पुडीत मिळत नाही, म्हणून मी गेली कित्येक वर्षं तीच वापरतो. पण मातीत लोहाचे कण असतात. वाळवायची, बारीक चाळणीने चाळायची, पसरून तिच्यावरून चुंबक फिरवायचं, आणि चुंबकाला काही चिकटेनासं होईपर्यंत फिरवत राहायचं. मी पहिल्यांदा हे केलं नव्हतं. माझं सगळ्यात लाडकं इंजिन महिनाभरात घरघरायला लागलं, उघडलं तर मोटरवर काळी लव आलेली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

सिग्नलमन
काका, बरं झालं का ते?

जुनं_खोड
झालं. सगळं सुटं करून साफ केलं, अजून धावतंय.

रूळपाहणी
इमारतींवर एवढी चर्चा आणि रुळांवर कुणीच नाही! लेआउटच्या फोटोत नजर आधी रुळांवरून धावते. चकचकीत रूळ, काळेभोर प्लॅस्टिकचे स्लीपर आणि एकरंगी खडी असेल तर शेजारी कितीही सुंदर शेड असो, खेळणंच दिसणार.

रुळाच्या बाजू गंजकट तपकिरी रंगवा, खडी घालायच्या आधी. वरची धाव लगेच पुसा, वीज तिथूनच मिळते. मुख्य मार्गाची धाव लख्ख, कारण चाकं ती रोज घासतात. क्वचित वापरातल्या सायडिंगची (बाजूच्या मार्गाची) मळकी हवी. पण तिथे गाडी चालवायची असेल तर रंग लावून वीज अडवू नका, बाजू आणि खडी जास्त गंजकट केली तरी नजर फसते. क्रिओसोट (लाकूड टिकवणारं डांबरी तेल) दिलेले लाकडी स्लीपर नवे असताना काळे, मग तपकिरी, मग करडे. ओळीत मधेच एखादा नवा काळा टाका.

खडी सगळीकडे सारखी मळत नाही. गाड्या फलाटाकडे येताना ब्रेक लावतात, ब्रेकची लोखंडी पूड तिथल्या खडीवर पडून ती तपकिरी होते. इंजिन जिथे नेहमी थांबतं तिथे दोन रुळांच्या मधोमध तेलाचा गडद पट्टा. सांधे बदलतात तिथे वंगणाचे डाग. आणि बोगद्याच्या तोंडावर काजळी फक्त कमानीच्या वरच्या भागात, मधोमध. तुम्ही तर सगळी कमान काळी केलीत.

एक विचारतो, तुमच्या लेआउटवर कुठल्या गाड्या? विजेवरच्या असतील तर बोगद्यावर काजळी कसली?

छोटी_लाइन
वाफेची इंजिनं आणि नुकती आलेली डिझेल, दोन्ही. त्यामुळे काजळी हक्काची. पण सगळ्या कमानीवर नाही, हे पटलं.

ब्रशफटकारा
वाफेची आहेत तर पांढरे ओघळही हवेत. पाण्यातला चुना सेफ्टी व्हॉल्व्हच्या आणि इंजेक्टरच्या (बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या भागाच्या) खाली पांढरा साचतो. पाण्याच्या टाकीखालीसुद्धा.

एन_स्केलवाली
आता जरा वाद घालते. या धाग्यातलं सगळं एकाच शेडवर केलं तर ती शेड नाही, वेदरिंगचं प्रदर्शन होईल. पोपडे, लोणा, शेवाळ, गंज, काजळी, सगळं हवंच का? खऱ्या गावात बहुतेक इमारती साधारण बऱ्या स्थितीत असतात, लोक त्यांची निगा राखतात. इंग्लंडमधल्या लाँग विटनहॅमच्या पेंडन संग्रहालयाचा देखावा मला म्हणूनच आवडतो. कार्डाच्या इमारती, जलरंगात रंगवलेल्या. कुठेही आरडाओरड नाही, आणि तरी प्रत्येक भिंत शंभर वर्षं उभी आहे असं वाटतं.

गंजबहाद्दर
ताई, पेंडनबद्दल आदर आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. जॉन ॲलन यांचा कॅलिफोर्नियातला गोरी अँड डिफीटेड (Gorre & Daphetid) लेआउट घ्या. वेदरिंग हा मॉडेलचा अविभाज्य भाग आहे हे ज्यांनी लोकांच्या मनावर ठसवलं त्यांच्यात ॲलन अग्रभागी होते, आणि त्यांनी ते भरभरून केलं. जॉर्ज सेलिओस यांच्या फ्रँकलिन अँड साउथ मँचेस्टरमध्ये तर १९३० च्या दशकातल्या महामंदीचं शहर आहे, प्रत्येक भिंत झिजलेली. अतिरेक आहे, पण त्याला भावना आहे. त्या शहरात पैसा संपलाय हे भिंती सांगतात.

नवशिका_गार्ड
जॉन ॲलन म्हणजे ज्यांच्याकडे डबे ओढायला डायनासोर होता तेच ना?

गंजबहाद्दर
तेच. स्टेगोसॉरस, एमा नावाचा. ॲलन १९७३ च्या जानेवारीत गेले आणि पुढच्या काही दिवसांतच आग लागून लेआउटचा बहुतेक भाग जळाला. ते फोटोग्राफर होते म्हणून निदान छायाचित्रं उरली. अजून ती बघताना गळा दाटतो.

एन_स्केलवाली
दोन्ही उदाहरणं मान्य. पण बघा, सेलिओस यांच्याकडे झीज एका गोष्टीसाठी आहे. छोटी_लाइन, तुमच्या गावाची गोष्ट काय? कारखाना चालू आहे की बंद?

छोटी_लाइन
हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. कारखाना बंद पडलाय, पण स्टेशन चालू आहे. स्टेशनमास्तर टापटिपीचा माणूस असावा.

एन_स्केलवाली
मग उत्तर मिळालं की! स्टेशनवर हलकं विटणं, पायथ्याशी शिंतोडे, बस. सगळी झीज कारखान्याला. आणि शेड दोघांच्या मधली.

रूळपाहणी
वा! आता मलाच तो लेआउट बघावासा वाटतोय.

ब्रशफटकारा
मूळ प्रश्नाचा उरलेला अर्धा भाग: झालेलं सुधारायचं कसं. पुन्हा रंगवायची गरज नाही. सपाट, पसरट ब्रश घ्या, भिंतीच्या मूळ रंगापेक्षा एक छटा फिका रंग घ्या, कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाका आणि उंचवट्यांवरून हलकेच फिरवा. काळी शाई खाचांमध्ये राहील, वरचा भाग पुन्हा उजळेल. जिथे फार काळं झालंय तिथे कापसाच्या काडीवर अल्कोहोल घेऊन टिपून बघा, पण आधी मागच्या भिंतीवर, कारण शाईबरोबर खालचा ॲक्रिलिकही सुटू शकतो. मग ओघळ तैलरंगाने: सुईच्या टोकाएवढा ठिपका, आणि व्हाइट स्पिरिटमध्ये (तैलरंग पातळ करणाऱ्या द्रवात) जेमतेम ओलावलेल्या ब्रशने सरळ खाली ओढायचा. तैलरंग सावकाश वाळतो म्हणून नाही आवडला तर पुसता येतो.

पेस्टलची पूड अगदी शेवटी. तिच्यावर मॅट स्प्रे मारला की निम्मी पूड नाहीशी झाल्यासारखी दिसते. म्हणून एकतर जास्त लावा, नाहीतर ज्या वस्तूला हात लागणार नाही तिच्यावर तशीच सोडा.

सिग्नलमन
त्यात माझी भर. लॅकरच्या मॅट स्प्रेवर अल्कोहोलचा वॉश देऊ नका. माझा एक अख्खा पूल पांढरा पडला होता, जणू दव साचलंय. रात्री दोन वाजता मी त्याच्याकडे बघत बसलो होतो. मग कुणीतरी सांगितलं की तोच स्प्रे पुन्हा हलका मारा. मारला आणि पांढरेपणा गेला. पुढे तोच परिणाम विटलेल्या डब्यांच्या छपरांसाठी मुद्दाम वापरायला लागलो.

रसायनवाला
खिडक्या उघड्या ठेवा आणि मास्क लावा. अल्कोहोल आणि स्पिरिटजवळ ज्योत नको. पुडीची धूळही छातीत जाते.

छोटी_लाइन
मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय. फक्त शेडवर काम केलं, बाकी गाव तसंच आहे.

खोडकाकांचं ऐकून आधी फोटोवर बाण काढले. बाण काढतानाच कळलं की माझ्या शेडच्या छपराला एका बाजूला पन्हळच लावली नव्हती, म्हणजे पाणी कुठे जाणार हे मी ठरवलंच नव्हतं. पन्हळ लावली. मग ब्रशफटकारांच्या पद्धतीने भिंती उजळल्या, आणि तिथेच अर्धा जीव परत आला. तैलरंगाचे ओघळ पहिल्या दिवशी चौदा ओढले, दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ पुसले. फलाटाच्या फळ्या बाहेरून करड्या, आतून तपकिरी. छपरावर एकच पत्रा नवा. टेबलावर लेआउटचाच दिवा.

फोटो जोडतोय. डावीकडे जुना, उजवीकडे नवा. काल संध्याकाळी दिवा लावून मी अर्धा तास नुसता बघत उभा होतो. आता कारखाना घेतोय.

जुनं_खोड
फळ्यांचा तो करड्याकडून तपकिरीकडे जाणारा बदल फार सुंदर साधलाय. शाबास.

एन_स्केलवाली
नऊ पुसलेत, त्याचं मला सगळ्यात जास्त कौतुक.

सिग्नलमन
फोटो मोठा करून पाहिला. डाव्या कोपऱ्यात पन्हळीचा सांधा गळतोय बरं का. स्टेशनमास्तरांना सांगा, दुरुस्त करून घ्या.

छोटी_लाइन
मुळीच नाही! त्या सांध्याखालचं शेवाळ लावायला अख्खी दुपार गेली आहे.